जागा शिल्लक नाही

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट आहे. कोकणातला पाऊस, त्यामुळे दुपारी वीज गेली याचं कुणाला काही वाटलं नाही. चार वाजता वाचनालय उघडायच्या आत ती परतही आली होती. मी कुलूप काढलं, छत्री कोपऱ्यात निथळत ठेवली, संगणक सुरू केला आणि चष्मा पुसत बसले. काउंटरपाशी एक बाई लेकीला घेऊन पुस्तक बदलायला उभ्या होत्या. पडद्यावर मात्र रोजचं पान आलंच नाही. त्याच्या जागी इंग्रजीत चार ओळी आल्या. डेटाबेसच्या सर्व्हरशी जोडणी होत नाही, असा त्यांचा अर्थ. सोबत २००२ हा आकडा आणि अगदी शेवटी कंसात २.

तुम्ही म्हणाल, मराठीच्या बाईंचा आणि डेटाबेस सर्व्हरचा संबंध काय? तो आधी सांगते, म्हणजे पुढची माझी घाबरगुंडी तुम्हाला कळेल.

मी बी. ए. झाले ते मराठी माध्यमातून. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला आणि २००६ साली निवृत्त झाले. तेव्हापासून गावातल्या वाचनालयात दुपारची तीन तास बसते. वाचनालय लहान आहे. पगारी माणूस पूर्वी एकच होता, तो म्हणजे आमचे ग्रंथपाल. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. दाखल नोंदवह्या त्यांच्या अक्षरात, पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक त्यांच्या अक्षरात, आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते फक्त त्यांच्या डोक्यात.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कामात आहे. २०२० साली दिवाळीला तो गावी आला आणि एक वापरलेला संगणक वाचनालयाला देऊन गेला. त्यावर त्याने 'कोहा' नावाची प्रणाली बसवून दिली. ही वाचनालयांसाठीच केलेली, फुकट मिळणारी प्रणाली आहे. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० च्या जानेवारीपासून वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमच्या वाचनालयातली अर्धीअधिक पुस्तकं भेट आलेली, त्यामुळे हे नाव मला फार आवडलं. या कोहाच्या पोटात सगळ्या नोंदी सांभाळणारा जो सर्व्हर असतो त्याचं नाव 'मारियाडीबी'. तेही मी विचारून घेतलं. विडेनियस नावाच्या फिनलंडच्या गृहस्थांनी आधी 'मायएसक्यूएल' केलं, त्याला थोरल्या मुलीचं नाव दिलं. पुढे २००९ मध्ये त्यातूनच वेगळी शाखा काढली, तिला धाकटीचं. नावं कळली की मला कुठल्याही गोष्टीची भीती कमी वाटते. वर्गातही असंच व्हायचं.

तर मग आम्ही बसलो, अण्णा आणि मी. ते दाखल नोंदवही उघडून वाचायचे, मी टंकायची. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, साल, किंमत, वर्गांक. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, तो माझ्या बोटांना इतका पाठ झाला की झोपेतही टंकला असता. पण त्या पडद्यावर 'टीप' नावाचा एक रकाना असतो. पहिल्याच आठवड्यात अण्णा एका पुस्तकापाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, हे लिहिता येईल का कुठे? हे पुस्तक एका शिंप्याने दिलंय, मुलगी मॅट्रिक झाली म्हणून." मी ते टीपेत लिहिलं. मग धबधबाच सुरू झाला. 'श्यामची आई'च्या एका प्रतीत शेवटची चार पानं नव्हती, ती अण्णांनी दुसऱ्या प्रतीवरून हाताने लिहून शिवली आहेत. 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत एक आजी दर पावसाळ्यात नेत, त्यांना आता दिसत नाही, तर सून वाचून दाखवते. एक कादंबरी तीन वेळा हरवली आणि तिन्ही वेळा कुणीतरी रात्री दाराच्या फटीतून आत सरकवून गेलं. चौदा महिन्यांत आमची साडेनऊ हजार पुस्तकं झाली. त्यातल्या काही हजारांना तरी अण्णांची अशी एखादी ओळ आहे.

२०२२ च्या जानेवारीत अण्णा झोपेतच गेले. उरलेली पुस्तकं मी एकटीने घातली. त्यांना टिपा नाहीत.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. नोंदवह्या कागदावर आहेत, त्या कपाटात आहेत. पुस्तकं फळीवर आहेत. पण अण्णांच्या टिपा जगात एकाच ठिकाणी आहेत, आणि ते ठिकाण त्या दुपारी उघडत नव्हतं.

पहिलं काम मी तेच केलं जे सगळे करतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग काळा पडदा उघडून सर्व्हर हाताने सुरू करायची आज्ञा दिली, ती मला येत होती. क्षणभर थांबून उत्तर आलं की काम अयशस्वी झालं, तपशिलासाठी नोंदी पाहा. मी नोंदी पाहिल्या नाहीत. वीज गेली होती ना, मग आणखी काय पाहायचं? यूपीएसची बॅटरी केव्हाची मेलेली. विजेच्या धक्क्याने काहीतरी जळलं, अशी माझी खात्री झाली.

कोपऱ्यावरच्या दुकानातून संगणक दुरुस्त करणारा मुलगा आला. चांगला मुलगा आहे, हाक मारली की येतो. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बाई, फॉरमॅट मारू या. सगळं नवीन टाकतो, तासाभरात चकाचक." मी विचारलं, "आणि आतल्या नोंदी?" तो म्हणाला, "बॅकअप असेल ना?" मी म्हटलं, "आहे." बॅकअप होता. त्याविषयी पुढे सांगतेच. पण का कोण जाणे, 'चकाचक' हा शब्द मला लागला. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग पुण्याला फोन केला. त्याने उचलला नाही, पण दोन मिनिटांनी निरोप आला: 'बाई, मीटिंगमध्ये आहे, सातला फोन करतो. तोवर काहीही पुसू नका. आधी डेटाच्या फोल्डरची एक प्रत करून ठेवा.'

सातला तीन तास होते. तीन तास हात बांधून बसणं शिक्षकाला जमत नाही. काउंटरवरच्या बाईंना मी जुन्या पद्धतीने वहीत सही घेऊन पुस्तक दिलं आणि मोबाइलवर शोधायला लागले. एव्हाना मी नोंदींची फाईल उघडली होती, पण वाचली ती फक्त शेवटची ओळ. म्हणजे शेवटून दुसरी, कारण अगदी शेवटी 'थांबत आहे' एवढंच होतं. तिच्या वर लिहिलं होतं की 'इनोडीबी' हा साठवणीचा प्रकार ओळखीचा नाही. मी ते वाक्य जसंच्या तसं शोधात टाकलं. उत्तरांचा पाऊस पडला. त्यातलं सगळ्यांत लोकांनी उचलून धरलेलं उत्तर असं होतं की डेटाच्या फोल्डरमधल्या अमुक दोन 'लॉग' फायली पुसा आणि सर्व्हर सुरू करा. त्याने भागलं नाही, तर 'आयबीडेटा' नावाची फाईलही पुसा. खाली लोकांनी आभार मानले होते. माझं काम झालं, माझंही झालं.

मी खोटं सांगणार नाही. आज्ञा टंकून झाली होती. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं.

त्या फायली काय असतात ते मला पुढे कळलं आणि अंगावर काटा आला. माझे वडील किराणा दुकानात दिवाणजी होते, म्हणून मला त्यांच्याच भाषेत सांगता येईल. दुकानात दिवसभर जे घडेल ते आधी रोजकीर्दीत उतरवतात, घडेल त्या क्रमाने, घाईघाईत. सवडीने तेच खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडतात. हा सर्व्हर अगदी तसाच वागतो. कुठलाही बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग सावकाश मूळ कोष्टकात नेतो. मधेच वीज गेली, तर पुन्हा उठल्यावर पहिलं काम म्हणजे रोजकीर्द उघडून कुठल्या नोंदी खात्यावर जायच्या राहिल्या ते पाहणं आणि त्या पुऱ्या करणं. म्हणजे वीज गेल्यावर ज्या वहीची सगळ्यांत जास्त गरज, तीच वही फाडून टाकायचा तो सल्ला होता. आणि 'आयबीडेटा' म्हणजे खतावणीची अनुक्रमणिका. ती गेली की कोष्टकांच्या फायली जागेवर दिसतात, पण कुणाचं पान कुठलं ते सर्व्हरला कळत नाही. नवी कोरी अनुक्रमणिका घेऊन सर्व्हर आनंदाने सुरू होतो. त्या लोकांचं 'काम झालं' म्हणजे हेच झालं असणार. सरावासाठी केलेल्या डेटाबेसला ते चालतं. आमच्याकडे अण्णा होते.

एंटरवरून बोट मागे घेतलं ते ज्ञानामुळे नव्हे. विद्यार्थ्याचा निरोप आठवला, आधी प्रत करा. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की उत्तरपत्रिकेवर खाडाखोड करण्याआधी मागच्या पानावर करून बघा. म्हटलं, निदान एवढं तरी ऐकू या. पुसण्याची आज्ञा खोडली आणि डेटाच्या फोल्डरची प्रत त्याच्याच शेजारी करायची आज्ञा दिली.

यंत्र काही सेकंद थांबलं आणि म्हणालं, 'उपकरणावर जागा शिल्लक नाही.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. जागा नाही? आमच्या एवढ्याशा वाचनालयाच्या नोंदींना? आणि या वाक्याचा विजेशी काय संबंध?

तेव्हा पहिल्यांदा मी खुर्ची पुढे ओढून नोंदींची फाईल वरून खाली वाचायला घेतली. शब्दकोश काढला, कागद-पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ मराठीत उतरवली. इंग्रजीचा उतारा देऊन मुलांना करायला लावायचे तसं. शेवटून वर जाताना क्रम असा होता. थांबत आहे. त्याआधी, इनोडीबी हा प्रकार ओळखीचा नाही. त्याआधी, इनोडीबीची नोंदणी झाली नाही. त्याआधी, इनोडीबी सुरू होताना चूक आली. आणि या सगळ्यांच्या वर, जिच्याकडे माझी नजर दोन तासांत गेलीच नव्हती, ती ओळ: 'आयबीटीएमपी१' या फाईलचा आकार ठरवता आला नाही, बहुधा डिस्कवरची जागा संपली आहे.

सगळं तिथेच लिहिलेलं होतं, आणि 'बहुधा' असं नम्रपणे. खालच्या चार ओळी म्हणजे त्या एका ओळीचे परिणाम. घरात काहीतरी मोडलं की शेवटी जो रडतो त्यालाच आपण 'काय झालं' विचारतो, तशी मी शेवटच्या ओळीला विचारत बसले होते. आणि पडद्यावरचा तो २००२ तर आणखीच लांबचा. त्याचा अर्थ एवढाच की कोहाने सर्व्हरचं दार ठोठावलं आणि तिथे दारच नव्हतं. कंसातला २ म्हणजे 'अशी फाईल नाही'. सर्व्हर चालू असला की दाराची एक फाईल तयार होते. सर्व्हरच उठला नाही, तर दार कुठून येणार?

ती आयबीटीएमपी फाईल म्हणजे सर्व्हरचा कच्चा कागद. सुरू होताना तो रोज नवीन घेतो, १२ एमबीचा. परीक्षेला बसलेल्या मुलाला कच्च्या कामाला कागद मिळाला नाही म्हणून त्याने पेपरच लिहायला नकार द्यावा, तसा आमचा सर्व्हर १२ एमबीसाठी अडून बसला होता. दुपारपर्यंत तो चालला, कारण सकाळचा कागद त्याच्या हातात होता. वीज गेली नसती तर कदाचित संध्याकाळपर्यंतही चालला असता. विजेने फक्त त्याला उठवून पुन्हा बसायला लावलं. मी मात्र दोन तास विजेलाच शिव्या देत होते.

आता प्रश्न उरला, जागा गेली कुठे? विद्यार्थ्याने डिस्कचे दोन कप्पे केले होते. एकात यंत्रणा, दुसऱ्यात आमचा डेटा. डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ' नावाची छोटीशी आज्ञा आहे, ती दिली. पहिल्या कप्प्यात भरपूर जागा होती, म्हणूनच बाकी यंत्र सुरळीत चालत होतं आणि कुणाला शंका आली नव्हती. दुसरा कप्पा १०० जीबीचा. वापर १०० टक्के. शिल्लक शून्य.

मग 'डीयू' ही दुसरी आज्ञा, कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी. आमचा सगळा डेटाबेस, साडेअकरा हजार पुस्तकं, वाचक, देवघेव, अण्णांच्या टिपा, सगळं मिळून एक जीबीही नव्हतं. बाकी सगळी जागा एकाच फोल्डरने भरली होती. त्या फोल्डरचं नाव होतं 'प्रती'.

मी तो उघडला. साडेसातशेहून जास्त फायली, प्रत्येक सव्वाशे एमबीच्या आगेमागे, प्रत्येकीच्या नावात तारीख. पहिली तारीख २०२२ च्या जानेवारीतली. अण्णा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यातली.

मला सगळं आठवलं. तेव्हा मी पुण्याला फोन करून म्हटलं होतं की मला या नोंदींची रोज प्रत हवी. तो म्हणाला, "बाई, कोहा आपणहून रोज एक प्रत काढतं आणि दोन दिवसांच्या ठेवतं." मी म्हटलं, "दोन दिवस? दोन दिवसांनी काय होतं?" "जुनी जाते, नवी येते." मला ते सहनच झालं नाही. शेवटी त्याने माझ्यासाठी वेगळी सोय करून दिली. दुपारी एक वाजता, वाचनालय बंद असताना, एक पूर्ण प्रत काढून ठेवायची. त्यात त्याने शेवटी एक ओळ घातली होती, तीस दिवसांपेक्षा जुन्या प्रती काढून टाकायची. मला अर्थ सांगितला. मी म्हटलं, "ती ओळ काढ." तो म्हणाला, "बाई, डिस्क भरेल कधीतरी." मी म्हटलं, "भरेल तेव्हा बघू. एकही प्रत जाता कामा नये." शाळेतल्या सवयीने तो गप्प बसला आणि त्याने ओळ काढली.

'भरेल तेव्हा' म्हणजे ती दुपार.

फार लाज वाटली. कुणी पाहिलं नव्हतं, तरी वाटली. ज्या भीतीपायी मी रोज एक प्रत साठवत गेले, त्या भीतीनेच सर्व्हरला बसायला जागा उरली नाही. आणि अडीच वर्षांत त्यातली एकही प्रत मी कधी उघडून पाहिली नव्हती. सगळ्या प्रती मूळ डेटाच्याच शेजारी, त्याच डिस्कवर. डिस्क बिघडली असती, तर साडेसातशे प्रती एकदमच गेल्या असत्या. एका घराच्या साडेसातशे किल्ल्या करून सगळ्या त्याच घरात ठेवल्या, आणि वर शांत झोपत होते.

तरीही त्या क्षणी मला काही पुसवेना. ड्रॉवरमध्ये १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह होता. सगळ्यांत जुन्या शंभर फायली मी त्यावर हलवल्या. जवळजवळ पाऊण तास लागला. बाहेर पाऊस, आत तो हिरवा दिवा लुकलुकतोय आणि मी बघत बसलेय. मग पुन्हा डीएफ. आता काही जीबी मोकळे दिसत होते. सर्व्हर सुरू करायची आज्ञा दिली आणि या खेपेला नोंदींची फाईल शेजारी उघडी ठेवून वरून खाली वाचत राहिले. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या नोंदी पुऱ्या करत आहे, असं त्याने लिहिलं. हीच ती रोजकीर्द, जी मी फाडायला निघाले होते. मग काही ओळी. मग शेवटी, 'जोडणीसाठी तयार'.

कोहाचं पान उघडलं. शोधाच्या चौकोनात 'श्यामची आई' टंकलं आणि त्या चार पानांची टीप दिसेपर्यंत मी श्वास रोखून होते. दिसली. 'शेवटची चार पाने हाताने लिहून शिवली आहेत. शाई पसरते, ओल्या हाताने धरू नये.' दुसरं वाक्य मी टंकल्याचं मला आठवतही नव्हतं.

सात वाजता पुण्याहून फोन आला. मी सगळं सांगितलं, पुसायला निघाले होते तेही सांगितलं. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "बाई, आजच्या दुपारच्या प्रतीची शेवटची ओळ वाचून दाखवता का?" मी ती फाईल शेवटाकडून उघडली. पूर्ण झालेल्या प्रतीच्या तळाशी 'प्रत अमुक तारखेला पूर्ण झाली' अशी एक ओळ असते, हे मला तेव्हा कळलं. त्या फाईलच्या तळाशी एका पुस्तकाच्या नोंदीचा अर्धा शब्द होता. जागा संपली तिथे लिहिणं थांबलं होतं. म्हणजे त्या मुलाने फॉरमॅट मारून 'शेवटचा बॅकअप' टाकला असता, तर अर्धंच वाचनालय परत आलं असतं. आदल्या दिवशीची प्रत धड होती हे खरं. पण गडबडीत आम्ही सगळ्यांत ताजी प्रतच उचलली असती.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. मी डेटाची प्रत शेजारी न करता पहिल्या कप्प्यात केली असती, तर ती झाली असती. मग मला जागेचा पत्ता लागला नसता आणि प्रत झाली या समाधानात मी पुढची आज्ञा दिली असती. तेव्हा चुकीच्या जागी प्रत करायला गेले म्हणून वाचले, असंही म्हणता येईल.

त्यानंतर आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. तीस दिवसांची ती ओळ मी स्वतः परत टंकली. तो फोनवर अक्षरं सांगत होता, पण एंटर मी दाबलं. आता प्रती दाबून लहान केलेल्या असतात, सव्वाशेच्या जागी वीसेक एमबी. या लोकांचा एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. आमची एक त्याच यंत्रावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर जी मी घरी नेते, आणि एक पुण्याला जाते. गावाबाहेर का, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला महापूर आला तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. तशा पाण्यात यंत्र आणि त्याच्या शेजारची हार्ड डिस्क एकत्रच बुडतात.

आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एक प्रत घरच्या लॅपटॉपवर उघडून बघते. नुसती आहे म्हणून नाही चालत, उघडते का ते बघावं लागतं. उघडली की अण्णांची कुठलीतरी टीप शोधते. दर वेळी वेगळी.

राहिल्या त्या साडेसातशे जुन्या प्रती. एका रविवारी बसून मी त्या काढायला घेतल्या. पहिल्या पाचपन्नास फायली पुसताना हात जड झाला होता, हे कबूल करते. मग लक्षात आलं की या सगळ्यांत अण्णांच्या टिपा त्याच, तितक्याच आहेत. त्यांच्या पश्चात त्यात एकही शब्द वाढलेला नाही, कमी झालेला नाही. बदलत होत्या त्या देवघेवी, नवी पुस्तकं, नवे वाचक. मी साडेसातशे वेळा तोच माणूस साठवत होते. शेवटी सगळ्यांत पहिली, २०२२ च्या जानेवारीतली एक तेवढी ठेवली. ती कशासाठी, ते मला सांगता येणार नाही, आणि विद्यार्थ्याने विचारलंही नाही.

त्या मोकळ्या जागेत काय घालायचं हेही हळूहळू ठरत गेलं. अण्णांच्या नंतर मी घातलेल्या दोन हजार पुस्तकांना टिपा नव्हत्या. त्या दुपारी लेकीला घेऊन ताटकळत उभ्या होत्या ना, त्या बाई पुस्तक परत करायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "हे तुम्ही तिसऱ्यांदा नेलंत, काय आवडतं यात?" त्या लाजल्या, मग बोलल्या. त्या गेल्यावर मी त्या पुस्तकाची नोंद उघडली आणि टीपेच्या रकान्यात त्यांचं बोलणं दोन ओळींत लिहिलं. माझ्या हातची ती पहिली टीप.

तुमच्याकडेही असं काही कुठे एकाच ठिकाणी ठेवलेलं असेल. फोटो, पत्रं, कुणाचा आवाज. आज सवड काढून त्याची प्रत कुठे आहे ते बघा, आणि ती उघडते का तेही बघा. आणि कधी काही सुरूच होईनासं झालं, तर कशालाही हात लावायच्या आधी ते काय सांगतंय ते पहिल्या ओळीपासून वाचा. मुलांना मी चौतीस वर्षं हेच सांगत होते, प्रश्न नीट वाचा म्हणून. स्वतः शिकायला मला शहात्तरावं वर्ष उजाडावं लागलं.